बोरस्त्यांचा सुरक्षित बाण

“जगात धोकादायक अशी वस्तूच नसते! धोकादायक असतो तो माणूस!”

हे वाक्य ज्ञानेशराव बोरस्ते दिवसातून एकदा तरी म्हणत. ऐकायला कोणी नसेल तर गॅसच्या शेगडीला ऐकवत. सातपूरच्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते, आणि संध्याकाळी घरी येताना नोकरी कारखान्यात ठेवून येण्याची पद्धत त्यांच्यात नव्हती. जेवणाच्या डब्याबरोबर ते ती घरी आणत. प्रतिभाताई भजी तळायला उभ्या राहिल्या की हे गॉगल घेऊन हजर! बल्ब बदलायचा असेल तर आधी खाली गादी!

त्यातून जेल रोडच्या श्रमसाफल्य सोसायटीचं सेक्रेटरीपद त्यांच्या गळ्यात पडलं. मग काय, आधीच उल्हास! गच्चीवर क्रिकेट बंद, पतंग बंद, दिवाळीचे रॉकेट बंद. तळमजल्यावरच्या नवसाबाई गायधनींनी गच्चीत कुरडया वाळत घातल्या, तर ज्ञानेशरावांनी त्यांच्याभोवती लाल फीत बांधली. का? तर पाय घसरण्याची शक्यता! नवसाबाई तेव्हापासून त्यांच्याकडे बघताना एक डोळा बारीक करत.

अशा माणसाला वाढदिवसाला काय द्यावं? निदान धनुष्यबाण तरी देऊ नये. पण त्यांचा मेव्हणा नवनाथ, ज्याची घोटीला भाताची गिरणी होती, तो शुक्रवारी संध्याकाळी एक लांबट खोकं घेऊन आला आणि म्हणाला, “दाजी, उघडा!”

आतून निघाला क्रॉसबो. छोटासाच. पिस्तुलासारखी मूठ, वर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी मागे ओढून अडकवायची, खोबणीत वीतभर लांबीचा बाण ठेवायचा आणि घोडा दाबायचा. बाणांना टोकदार लोखंडी फाळ होते.

“अरे, शर्ट द्यायचा ना यांना!” प्रतिभाताई म्हणाल्या.

“ताई, गेल्या वर्षी शर्टच दिला होता. त्याची गुंडी तुटून घशात अडकू शकते म्हणून दाजींनी मला जेवणभर भाषण दिलं!”

ज्ञानेशरावांचं मात्र कोणाकडेच लक्ष नव्हतं. डोळे असे चकाकत होते की प्रतिभाताईंना त्यांचं लग्नातलं रूप आठवलं. “एनसीसीत असताना माझा नेम बघायला मेजर यायचे,” ते म्हणाले. (मेजर हजेरी घ्यायला यायचे, पण ते असो.) “उद्या सकाळी गच्चीवर चाचणी! सर्व नियम पाळून! सुरक्षितपणे केलं तर काय होतंय?”

“उद्या?” प्रतिभाताई दचकल्या. “अहो, उद्या यादवभाऊंच्या सृष्टीची हळद आहे! शनिवार आहे, नळाला पाणी येणार नाही. सगळ्यांनी पाणी जपून वापरून टाकी हळदीसाठी भरून ठेवलीय. उद्या गच्चीवर काही उपद्व्याप नको.”

“टाकीचा काय संबंध? मी पोत्यावर नेम धरणार आहे!”

सृष्टी ही नवसाबाईंची नात. तिचे वडील यादवभाऊ पळश्याला झेंडूची शेती करायचे आणि पोरीच्या लग्नासाठी महिनाभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मुलगा देवळ्याचा, स्वभावाने सोन्यासारखा. पण त्याचा मामा! भारतमामा आहेर म्हणजे शंका काढण्यात आख्ख्या तालुक्यात पहिला. साखरपुड्यात नारळाला शेंडी नाही म्हणून त्यांनी सगळं अडवून धरलं होतं आणि यादवभाऊ शेंडीच्या नारळासाठी चपला न घालता बाजारात पळाले होते. आता हेच मामा दुपारी उष्टी हळद घेऊन येणार होते. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, ही रीत. ती हळद दारातून परत गेली तर लग्नच परत गेलं म्हणायचं! त्यामुळे गायधन्यांच्या घरात सगळे श्वाससुद्धा मामांना विचारून घेत होते.

“बरं, निदान पूजा तरी करू द्या,” प्रतिभाताई हरल्यासारख्या म्हणाल्या. नवी वस्तू त्यांच्या घरात पूजेशिवाय वापरली जात नसे. मिक्सरची झाली होती, स्कूटरची झाली होती, इन्व्हर्टरचीसुद्धा झाली होती. त्यांनी धनुष्याला हळदकुंकू वाहिलं, एकेका बाणाला कुंकवाचं बोट लावलं आणि शेपटाला लाल नाडा बांधला.

सकाळी गच्चीवर ज्ञानेशरावांनी जी तयारी केली ती बघून एखाद्याला वाटलं असतं की इथून यान सोडायचंय. जिन्याच्या दाराला लाल फीत. ‘काम चालू आहे, वर येऊ नये’ असा पुठ्ठा. वाळू भरलेलं पोतं टाकीच्या जरा बाजूला, जिन्याच्या खोलीच्या भिंतीला टेकवलेलं, त्याच्यावर खडूने काढलेलं वर्तुळ. मग त्यांनी तीन वेळा शिट्टी वाजवली. गच्चीवर तेव्हा फक्त प्रतिभाताई होत्या, त्याही हातात कालथा घेऊन, कारण खाली तव्यावर पोळ्या पडायच्या होत्या.

मग सुरू झालं अंगावर चढवणं. डोक्याला पिवळं हेल्मेट. चष्म्यावरून कारखान्याचा मोठा गॉगल. हातात वेल्डरचे चामडी हातमोजे, कोपरापर्यंत. आणि कानात बुचं!

“बुचं कशाला?” प्रतिभाताईंनी विचारलं.

“आवाजासाठी.”

“धनुष्याला कुठला आवाज?”

“नसतोच. पण आला तर?”

ज्ञानेशरावांनी दोरी ओढली, बाण ठेवला आणि पोत्याच्या दिशेने हात उचलला. पण एप्रिलातलं ऊन, हेल्मेटखालचा घाम आणि दोन काचांमध्ये कोंडलेली वाफ! पोतं हळूहळू धुक्यात गेलं. ते नीट दिसावं म्हणून ते किंचित वळले. घोड्यावर बोट नुसतं ठेवायचं होतं. पण चामड्याच्या आत बोट कुठं संपतं आणि हातमोजा कुठं सुरू होतो हे त्यांना कळेना. तेवढ्यात हाताला एक झटका बसला.

“बसला!” ते ओरडले आणि पोत्यापाशी धावले. पोत्यात बाण नव्हता. पोत्याच्या मागे नव्हता. खाली नव्हता. मागून प्रतिभाताई केव्हाच्या हाका मारत होत्या, पण कानात बुचं! शेवटी त्यांनी कालथ्याने हेल्मेटवर टकटक केलं आणि तोच कालथा टाकीकडे वळवला.

चौथऱ्यावरच्या, उन्हाने पिठूळ झालेल्या जुन्या काळ्या टाकीच्या पोटात, बुडाच्या जरा वर, बाण अर्ध्यापर्यंत रुतला होता. कुंकू, नाडा, सगळं कसं साग्रसंगीत!

“अगं बाई! ओढून काढा आधी!”

“हात लावू नकोस!” ज्ञानेशराव गरजले. “अंगात घुसलेली वस्तू कधीही उपसायची नाही! प्रथमोपचाराचा पहिला नियम! उपसली की रक्तस्राव!”

“ही टाकी आहे!”

“मग पाणीस्राव!”

यात मात्र त्यांचं चुकत नव्हतं. बाणानेच भोक बुजवलं होतं. फक्त कडेला एक थेंब जमायचा, जरा विचार करायचा आणि ओघळायचा. ज्ञानेशरावांनी आधी कपड्यांचा साबण फासला. तो घसरून खाली. मग ते घरात गेले आणि पोळ्यांच्या परातीतला चांगला पेरूएवढा कणकेचा गोळा घेऊन आले. बाणाभोवती थापला, दोन्ही अंगठ्यांनी नीट दाबला. दोन अंगठ्यांचे दोन खळगे पडले. थेंब थांबला!

“आणि आता लाल फडकं,” ते म्हणाले.

“ते कशाला आणखी?”

“बाहेर आलेल्या टोकदार वस्तूला लाल फडकं बांधायचंच! कोणाच्या डोळ्यात गेलं म्हणजे?”

त्यांनी लाल फडक्याची पट्टी बाणाला बांधली. उरलेली दोन टोकं गोळ्याच्या दोन बाजूंना हातांसारखी लोंबली. प्रतिभाताईंनी मान वाकडी करून पाहिलं. “अहो, हे बरं दिसत नाही हो.”

“बरं दिसायला नाही केलं. सुरक्षित आहे ना? झालं तर! लग्न झालं की प्लंबर बोलावू. तोवर कोणाला एक अक्षर सांगायचं नाही.”

न सांगण्याचं कारण उघड होतं. ज्याने कुरडयांना फीत बांधली त्याने टाकीला बाण मारला, हे नवसाबाईंच्या कानावर गेलं असतं तर ज्ञानेशरावांना नाशिक सोडून मेव्हण्याच्या गिरणीत भात कांडायला जावं लागलं असतं. त्यांनी जिन्याच्या दारावरची फीत आणि पुठ्ठा काढून टाकला, क्रॉसबो दिवाणात लपवला आणि वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसले. उलटं धरलं होतं, हे प्रतिभाताईंनी सांगितलं नाही.

आता इथं एक गोष्ट ज्ञानेशरावांच्या हिशेबातून सुटली होती. नवरीच्या न्हाणाचं पाणी आणायला पाच सवाष्णी वाजतगाजत नदीवर किंवा विहिरीवर जातात. पण जेल रोडला नदी कुठली आणि विहीर कुठली! म्हणून श्रमसाफल्यमध्ये सवाष्णी जायच्या त्या गच्चीवरच्या टाकीवर. तिची पूजा करायच्या, ओटी भरायच्या आणि तिच्या तोटीतून कळशा भरून आणायच्या.

दुपार कलताच खाली बॅंडवाले येऊन बसले. पाच जणी डोक्यावर पदर घेऊन, कळशा घेऊन जिना चढल्या. पुढे नवसाबाई आरतीचं ताट घेऊन.

आणि मग सगळ्या इमारतीने ती किंकाळी ऐकली.

“अगं आई आई आई! करणी! करणी केली माझ्या पोरीवर!”

पाचही कळशा एकदम खाली पडल्या. तो खणखणाट ऐकून खालच्या बॅंडवाल्यांना वाटलं, इशारा झाला! त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. त्या तालावर सगळी सोसायटी धावत गच्चीवर आली. ज्ञानेशराव सर्वांत शेवटी आले, कठड्याला धरून.

“कणकेची बाहुली हाय!” नवसाबाई बोटाने दाखवत होत्या. “डोळे बघा, डोळे! हात बघा! आन् छातीत बाण! वर कुकू! कोन मेला वैरी असंल तो, त्याचं तळपट होवो!”

ज्ञानेशरावांनी मान पुढे काढली. आता तेही बघू लागले, तर खरंच की! गोळा त्यांच्याकडे दोन डोळ्यांनी टक लावून बघत होता.

“नवसाबाई, करणीबिरणी काही नसतं,” एक खणखणीत आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरच्या भिमाबाई पगारे. विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, पण खडू ठेवला तरी आवाज ठेवला नव्हता. ज्ञानेशरावांना एकदम धीर आला. सोसायटीत एक तरी शहाणं माणूस आहे! पण बाई पुढे म्हणाल्या, “हे जिवंत माणसाचं काम आहे. घाबरवायचा धंदा आहे. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे आपल्याकडे. पोलिसांना बोलवा! जो कोण असेल तो आत जाऊ दे चांगला!”

ज्ञानेशरावांचा आलेला धीर आल्या पावली परत गेला. एकीकडे तळपट, दुसरीकडे तुरुंग! आणि त्यात भर म्हणजे यादवभाऊ हात जोडून त्यांच्याचपुढे उभे राहिले. “साहेब, तुम्ही सेक्रेटरी. तुमच्या नजरेतून काय सुटत नाही. तुम्हीच शोधा हे कोणी केलं.”

झाली का पंचाईत! ज्ञानेशराव स्वतःच्याच बाणाभोवती दोनदा फिरले. वाकून पाहिलं, उठून पाहिलं. “प्रथमदर्शनी,” ते म्हणाले, “हा बाण वाटतो.”

प्रतिभाताईंना जोरात खोकला आला.

“एखाद्या घारीने आणून टाकला असेल...”

“आन् घारीनं फडकं बी बांधलं?” नवसाबाईंनी विचारलं.

“आणि गाठ बघा,” पगारेबाई चष्मा सावरत म्हणाल्या. “किती नीट मारलीय. शिकलेला माणूस आहे. पण मूर्ख.”

गाठीचं कौतुक झालं म्हणून ज्ञानेशरावांना आधी बरं वाटलं. पुढचं ऐकून वाटेनासं झालं.

नवसाबाईंनी निकाल देऊन टाकला. या टाकीतलं पाणी नातीच्या अंगाला लागू द्यायचं नाही! मग दुसरं पाणी कुठून आणायचं? नळ कोरडे. टॅंकरवाला फोन उचलेना. बायका कुजबुजू लागल्या. आणि नेमक्या त्याच वेळी खाली गाडी थांबली. देवळ्याचे पाहुणे!

खाली स्वागताला चिटपाखरू नाही हे बघून भारतमामा आधीच तापले होते. ते फेटा सांभाळत, दोन्ही हातांत रुमालाने झाकलेलं हळदीचं ताट घेऊन थेट गच्चीवर आले. गर्दी बाजूला झाली. मामांची नजर टाकीवर गेली.

“हाई काय शे?”

एकदम सगळेच बोलू लागले. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताट छातीशी घट्ट धरलं.

“यादवराव,” ते शांतपणे म्हणाले, आणि मामा शांतपणे बोलले की जास्त भीती वाटायची, “आमचा पोरगा एकुलता एक. ज्या घराच्या पाण्यात असलं काही निघालं तिथं मी ही हळद खाली ठेवणार नाही. आम्ही निघतो. घरच्यांशी बोलून काय ते कळवू.”

“मामा, अहो पत्रिका वाटून झाल्यात! उद्या लग्न आहे!” यादवभाऊ मामांच्या आडवे आले.

सृष्टी जिन्याच्या दारात उभी होती. पिवळी साडी, हातभर हिरवा चुडा. ती तिथल्याच पायरीवर मटकन खाली बसली. ज्ञानेशरावांना ते बघवेना. लहानपणी ही पोरगी आवारात सायकल चालवायची तेव्हा त्यांनी सांगितलं म्हणून तिने गुडघ्यांना कापडी पट्ट्या बांधल्या होत्या. सगळी पोरं हसली तरी सोडल्या नव्हत्या. आख्ख्या सोसायटीत त्यांचं ऐकणारी ही एकटीच! आणि आज तिचीच हळद त्यांच्यामुळे देवळ्याला परत निघाली होती.

“थांबा!” ते ओरडले. “बाण माझा आहे! सकाळी मीच मारला! करणी नाही, काही नाही, मी पोत्यावर नेम धरून सुरक्षितपणे चाचणी घेत होतो!”

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. बॅंडसुद्धा थांबला.

आणि नवसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “केवढं मन ह्या मान्साचं! परक्याच्या पोरीपायी आळ अंगावर घेतला! आन् मी मेली कुरडयांवरनं बोल लावीत व्हते!”

“अहो आजी, खरंच मी...”

“नका साहेब,” यादवभाऊ त्यांचे हात धरून म्हणाले, “देवमाणूस आहात, पण तुम्ही आणि बाण? तुम्ही टाचणीसुद्धा टोपण लावून ठेवता!”

“भला गृहस्थ आहे,” मामांनीही मान्य केलं. “पण मला असं फसवायचं नाही.” आणि ते जिन्याकडे वळले.

आयुष्यभर जी अब्रू कमावली ती अशी आडवी आली! खरं बोलायला माणसाला हिंमत लागते हे ज्ञानेशरावांना माहीत होतं. पुरावाही लागतो हे त्यांना आज कळलं. प्रतिभाताई पळत जाऊन दिवाणातून उरलेल्या बाणांसकट क्रॉसबो घेऊन आल्या. तो पाहून लोक चपापले, पण पगारेबाई हलल्या नाहीत.

“वस्तू असणं म्हणजे पुरावा नाही, बोरस्ते. पोत्यावर नेम धरला आणि टाकीला लागला म्हणता ना? करून दाखवा. प्रयोगाशिवाय मी काही मानत नाही.”

मामा पायरीवर थांबले. ताट हातातच. ज्ञानेशरावांनी घाईघाईने दोरी ओढली, बाण ठेवला, हात उचलला आणि घोडा दाबला.

खप्प! बाण पोत्यावरच्या वर्तुळात, बरोबर मधोमध!

नकळत टाळ्या पडल्या. ज्ञानेशरावांची छाती क्षणभर फुगली. मेजर असते तर! आणि मग त्यांना मामांचा चेहरा दिसला.

“बघा,” मामा म्हणाले. “ज्याचा नेम इतका पक्का, तो एवढ्या मोठ्या पोत्याला चुकून टाकीला मारंल? येतो आम्ही.”

हे म्हणजे परीक्षेत पहिला नंबर आला म्हणून शाळेतून काढून टाकण्यासारखं झालं! ज्ञानेशराव हातातल्या धनुष्याकडे बघत राहिले. बिघडलं कुठं? सकाळी तेच पोतं, तेच धनुष्य, तोच माणूस...

“अहो!” प्रतिभाताई किंचाळल्या. “सकाळी तुम्ही ते सगळं घातलं होतं!”

“काय सगळं?”

“हेल्मेट! गॉगल! हातमोजे! त्याच्यामुळेच तर झालं!”

ज्ञानेशरावांचा चेहरा पडला. “म्हणजे तुझं म्हणणं... सुरक्षेमुळे अपघात झाला?”

“हो!”

“प्रतिभा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे! कारखान्यात कळलं तर...”

प्रतिभाताईंनी नुसतं पायरीकडे बोट दाखवलं. सृष्टी मान वर करून त्यांच्याकडेच बघत होती. ज्ञानेशरावांनी एक उसासा टाकला आणि म्हणाले, “आण.”

मग भर गच्चीत, नवरदेवाला बाशिंग बांधावं तसं प्रतिभाताईंनी नवऱ्याला सजवलं. हेल्मेट घातलं, चष्म्यावर गॉगल चढवला, हातमोजे कोपरापर्यंत ओढले, कानांत बुचं बसवली. पगारेबाईंनी सगळ्यांना त्यांच्या मागे उभं केलं. काचा धुरकटल्या. पोतं धुक्यात गेलं. ज्ञानेशरावांनी खरोखर, अगदी मनापासून, पोत्यावरच नेम धरला. ते नीट दिसावं म्हणून किंचित वळले...

हाताला झटका बसला. त्यांना काही ऐकू आलं नाही. गॉगल वर करून पाहिलं तर लोक नाचत होते! टाकीत पहिल्या बाणाच्या हातभर बाजूला दुसरा बाण रुतला होता.

“सिद्ध झालं!” पगारेबाईंनी जाहीर केलं.

“करनी नाय गं बायांनो!” नवसाबाईंनी आनंदाने टाळी वाजवली. “ह्येच्या अंगावर सामानच लय झालंय!”

भारतमामा आधी गालातल्या गालात हसले, मग फेटा हलेपर्यंत हसले. “आरे वा रे भो! असा नेमबाज तर देवळ्यात नाय!” हळदीचं ताट त्यांनी यादवभाऊंच्या हातात ठेवलं. ठेवलं एकदाचं! यादवभाऊंनी ते कपाळाला लावलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पण मामा पडले चिकित्सक. बाणाचा फाळ आहे तरी कसा, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन कुठून पडायला! ते टाकीजवळ गेले, एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने दुसरा बाण पकडला. ज्ञानेशराव बुचं काढत ओरडले, “मामा, नको! प्रथमोपचाराचा पहिला...”

मामांनी दोन्ही बाण उपसले.

कणकेची बाहुली सुटून थेट त्यांच्या फेट्यावर बसली आणि मागोमाग दोन धारा! एक छातीवर, एक तोंडावर! ज्ञानेशराव धावले आणि दोन्ही भोकांत दोन अंगठे घालून टाकीला मिठी मारून उभे राहिले. पाणी त्यांच्या हातमोज्यांत शिरून कोपरांतून बाहेर येऊ लागलं.

“भाऊ, अंगठे काढा!” नवसाबाईंनी हुकूम सोडला.

“आजी, पाणी वाया जाईल!”

“वाया कशापायी? पोरीला आना हितंच! पाट मांडा! घ्या गं हळद!”

आणि मग श्रमसाफल्य सोसायटीत जशी हळद कधी लागली नव्हती तशी लागली. धारांखाली पाट, पाटावर सृष्टी. सवाष्णी गाणी म्हणत हळद लावत होत्या आणि टाकी वरून आपोआप न्हाऊ घालत होती. बॅंडवाले वर येऊन भिजत वाजवत होते. मामांचा फेटा पिवळाजर्द झाला आणि त्यांनी एकही शंका काढली नाही. सृष्टी इतकी हसली की तिला ठसका लागला.

टाकी रिकामी झाली. त्या संध्याकाळी कोणाच्याच घरी पाण्याचा थेंब नव्हता, आणि हे सांगायला प्रत्येक जण ज्ञानेशरावांच्याच घरी आला. नवी टाकी कोणाच्या खर्चाने बसणार यावर चर्चासुद्धा झाली नाही, इतकं एकमत सोसायटीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॉन्सवर लग्न. ज्ञानेशराव मागच्या रांगेत अंग चोरून बसणार होते, पण भारतमामांनी त्यांना हाताला धरून अगदी पुढे आणून बसवलं आणि देवळ्याच्या एकूण एक पाहुण्याला ‘हेच ते’ म्हणून दाखवलं. आंतरपाट धरला गेला. अक्षता वाटल्या गेल्या. ज्ञानेशरावांनी मूठभर अक्षता घेतल्या आणि पहिलं मंगलाष्टक संपताच हात उचलला.

शेजारी बसलेल्या नवसाबाईंनी चटकन त्यांचं मनगट धरलं. डोक्यापासून पायापर्यंत निरखून पाहिलं.

“ज्ञानेशभाऊ, हातमोजे नाय ना घातले?”

“नाही, आजी.”

“कानात काय?”

“काही नाही.”

“मंग टाका बिनधास्त,” नवसाबाई म्हणाल्या आणि मनगट सोडलं. तरीही भटजींनी पोथी जरा डोळ्यांसमोर धरलीच, आणि ज्ञानेशरावांच्या आजूबाजूची माणसं दोन-दोन खुर्च्या सरकून बसली.